एचटीएमएल फंक्शनमधून काढावे की हाताने लिहावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेतला एक जुना प्रोजेक्ट तुमच्या टीमकडे आला आहे आणि त्यात एकही टॅग सरळ लिहिलेला नाही. डिव्हसाठी फंक्शन, परिच्छेदासाठी फंक्शन, इनपुट, लिंक, टेबल, सगळ्यांसाठी फंक्शन. आणि प्रत्येक पान म्हणजे ही फंक्शने एकात एक घालून केलेली लांबच लांब ओळ. टीममधला एक जण म्हणतो, ही हेल्परची, म्हणजे अशा मदतनीस फंक्शनांची, फाइल काढून टाकू आणि सरळ एचटीएमएल लिहू. दुसरी म्हणते, याच फंक्शनांमुळे साइट आजवर सुरक्षित राहिली, त्यांना हात लावू नका. शिवाय टेबलचे एक फंक्शन नऊ पॅरामीटर घेते, त्याचे काय करायचे हेही तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिल्याचे म्हणणे त्या फाइलमधल्या बहुतेक फंक्शनांना लागू पडते, दुसरीचे मोजक्या फंक्शनांना. वाद मिटत नाही, कारण बोलताना एकाच्या डोळ्यासमोर डिव्हचे फंक्शन आहे आणि दुसरीच्या डोळ्यासमोर फॉर्मचे. तेव्हा ‘फंक्शन की एचटीएमएल’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक फंक्शनला एकच प्रश्न विचारा: बोलावणाऱ्याला माहीत नाही असे तुला काय माहीत आहे?

डिव्हच्या फंक्शनला काहीच माहीत नसते. त्याला मजकूर द्या, क्लासचे नाव द्या, तेच दोन्ही ते टॅगमध्ये गुंडाळून परत देते. काम झाले ते फक्त विरामचिन्हे बदलण्याचे. त्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. एचटीएमएल येणाऱ्या नव्या माणसाला तुमची घरगुती बोली शिकावी लागते. मजकूर आधी की क्लास आधी, हे दर वेळी फाइल उघडून पाहावे लागते. एडिटर टॅगांच्या जोड्या दाखवतो, ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगमधले गुणधर्म, सुचवतो, न मिटलेला टॅग लाल करतो, ती सगळी मदत जाते. ब्राउझरमध्ये तपासलेला तुकडा उचलून कोडमध्ये चिकटवता येत नाही. आणि पाच पातळ्या खोल गेल्यावर शेवटी जे सहा कंस बंद होतात त्यातला कोणता कुणाचा, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता फॉर्ममधल्या एका रकान्याचे फंक्शन घ्या. नावे मराठीत लिहितो, म्हणजे भाषा कोणतीही असली तरी चालेल: रकाना("ईमेल", "तुमचा ईमेल", जुनी_किंमत, चुका). याला पुष्कळ माहीत असते. लेबलचा ‘फॉर’ आणि इनपुटचा ‘आयडी’ एकच असला पाहिजे. चूक असेल तर तिचा संदेश इनपुटखाली यायला हवा, त्या संदेशाला स्वतःचा आयडी हवा, तो आयडी इनपुटच्या ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या ॲट्रिब्यूटमध्ये जायला हवा आणि ‘एरिया-इनव्हॅलिड’ खरे व्हायला हवे. नाहीतर स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्याला चूक झाली हेच कळत नाही. फॉर्म परत आला तर आधी भरलेली किंमत तिथे दिसली पाहिजे. हे सगळे धागे एकमेकांत अडकलेले आहेत. हाताने लिहिले तर पहिल्या फॉर्ममध्ये नीट येतात, दहाव्यात लेबल एका आयडीकडे बोट दाखवते आणि इनपुटचा आयडी भलताच असतो. पानावर सगळे ठीकच दिसते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून मी टॅगासाठी हेल्पर लिहीत नाही, नियमासाठी लिहितो. नियम असेल तर तीन ओळींचा हेल्परही राहू द्या. नियम नसेल तर शंभर ठिकाणी येणारा टॅगही हाताने लिहा.

या बाबतीत इतिहासही बोलका आहे. पर्ल या भाषेच्या ‘सीजीआय डॉट पीएम’ या मॉड्यूलमध्ये प्रत्येक टॅगसाठी फंक्शन होते. नव्वदच्या दशकात अख्खे पान एकाच स्क्रिप्टमधून बाहेर पडायचे, त्यामुळे ते तेव्हा सोयीचेच होते. पुढे २०१५ साली पर्ल ५.२२ मधून ते मॉड्यूल मूळ वितरणातून काढले गेले, आणि त्याच्या स्वतःच्या दस्तऐवजातच लिहिले आहे की एचटीएमएल बनवणाऱ्या फंक्शनांची देखभाल आता होत नाही. उलट रूबी भाषेच्या रेल्स फ्रेमवर्कमधले लिंकचे आणि फॉर्मचे हेल्पर आजही रोज वापरले जातात, कारण त्यांना काहीतरी माहीत असते. फॉर्मचा हेल्पर सीएसआरएफचे टोकन, म्हणजे दुसऱ्या साइटवरून फसवून पाठवलेला फॉर्म ओळखायची खूण, आपणहून घालतो. एचटीएमएलच्या फॉर्ममधून सर्व्हरकडे ‘गेट’ किंवा ‘पोस्ट’च जाऊ शकते, म्हणून ‘पॅच’ किंवा ‘डिलीट’ हवे असेल तर तो एक लपवलेला रकाना टाकतो. चेकबॉक्सवर खूण नसेल तर ब्राउझर तो रकाना पाठवतच नाही, म्हणून त्याच्या आधी त्याच नावाचा लपवलेला इनपुट ठेवतो. यातले काहीही विसरले तरी पान छान दिसते आणि चूक होते. अशा गोष्टी कोडला आठवू द्याव्यात, माणसाला नाही.

आता तुमच्या सहकारी बाईंच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो जास्त वजनाचा आहे आणि त्यात एक मेखही आहे. पीएचपीत सरळ एचटीएमएल लिहून मध्ये व्हेरिएबल छापले तर भाषा ते आपणहून एस्केप करत नाही, म्हणजे ब्राउझर ज्यांना टॅगचा भाग समजेल अशी चिन्हे निरुपद्रवी रूपात बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी ते करणारे ‘एचटीएमएल-स्पेशल-चार्स’ हे फंक्शन लिहायची जबाबदारी तुमची. एक जागा सुटली आणि तिथे कुणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टाकली, की ती दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. त्यातही जुन्या आवृत्त्यांत हे फंक्शन काही न सांगता बोलावले तर सिंगल कोट बदलत नव्हते, पीएचपी ८.१ पासून, म्हणजे २०२१ पासून, ते बदलते. तुमचा प्रोजेक्ट त्याआधीचा असेल आणि ॲट्रिब्यूट सिंगल कोटमध्ये लिहिलेली असतील, तर एस्केप केलेल्या जागाही उघड्या असू शकतात. हे आधी तपासा. बाकीचे उत्तर नंतर वाचले तरी चालेल.

तेव्हा ‘फंक्शन एस्केप करते म्हणून साइट सुरक्षित’ हे खरे असू शकते. मेख अशी की फंक्शने एकात एक घातली, की आतल्याने दिलेला मार्कअप, म्हणजे टॅगांसकटचा मजकूर, बाहेरच्याला साध्या स्ट्रिंगसारखाच दिसतो. परिच्छेदाच्या फंक्शनने मजकूर एस्केप करून टॅगमध्ये घातला आणि ती स्ट्रिंग डिव्हच्या फंक्शनला दिली. डिव्हने ती पुन्हा एस्केप केली तर पानावर टॅग अक्षरशः छापले जातात. नाही केली, तर उद्या कुणी डिव्हला थेट वापरकर्त्याचे नाव देईल आणि दार उघडे राहील. मग कुणीतरी एक पॅरामीटर वाढवते: एस्केप करायचे का, हो किंवा नाही. असा पॅरामीटर मी ज्या ज्या कोडबेसमध्ये पाहिला, तिथे थोड्याच काळात लोक डोळे झाकून ‘नाही’ लिहायला लागलेले होते. कारण साधे आहे. ‘हो’ लिहिले की कधीकधी पान बिघडलेले दिसते. ‘नाही’ लिहिले की काहीच दिसत नाही.

यातून बाहेर पडायचा माझ्या मते एकच नीट मार्ग आहे: मजकूर आणि मार्कअप हे दोन वेगळे प्रकार करा. एक छोटा क्लास लिहा, त्याला ‘मार्कअप’ म्हणा. तुमचे सगळे हेल्पर साधी स्ट्रिंग परत न देता या क्लासचे ऑब्जेक्ट देतील. आत येणारी गोष्ट साधी स्ट्रिंग असेल तर ती नेहमी एस्केप होईल, मार्कअपचे ऑब्जेक्ट असेल तर जशीच्या तशी जाईल. बोलावणाऱ्याने काही ठरवायचे नाही, काही लक्षात ठेवायचे नाही. रेल्सने तिसऱ्या आवृत्तीत, २०१० साली, हेच सरसकट केले. पायथनच्या जँगोत आणि जिंजाच्या मागे असलेल्या मार्कअपसेफ लायब्ररीतही हीच कल्पना आहे. पीएचपीत हा क्लास एका स्क्रीनमध्ये मावतो.

कच्चे एचटीएमएल आत घ्यायची वेळ येतेच, उदाहरणार्थ एडिटरमधून आलेला आणि आधी गाळून घेतलेला लेख. त्यासाठी एकच दार ठेवा आणि त्याचे नाव मुद्दाम लांब आणि अंगावर येणारे ठेवा. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत या दाराच्या नावाची सुरुवातच ‘डेंजरसली’ अशी आहे, ती उगीच नाही. रिव्ह्यू करताना एवढेच नाव शोधले की सगळ्या धोक्याच्या जागा समोर येतात.

एस्केपिंगबद्दल आणखी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेक हेल्पर अर्धवट राहतात. एस्केप कसे करायचे हे जागेवर अवलंबून असते. टॅगांमधला मजकूर आणि कोटांमधले ॲट्रिब्यूट यांना तीच पाच चिन्हे बदलून भागते: अँपरसँड, लेस-दॅन, ग्रेटर-दॅन, डबल कोट, सिंगल कोट. पण लिंकच्या पत्त्याला तेवढे पुरत नाही. ‘जावास्क्रिप्ट’ आणि कोलन अशी सुरुवात असलेल्या पत्त्यात या पाचांपैकी एकही चिन्ह लागत नाही. तो एस्केप होऊन जसाच्या तसा बाहेर पडतो आणि क्लिक केल्यावर चालतो. लिंकच्या हेल्परने म्हणूनच पत्त्याची सुरुवात तपासावी: एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेलटू, किंवा साइटच्या आतला पत्ता, बाकी काही आले तर लिंकच देऊ नये. वर्डप्रेसमध्ये मजकूर, ॲट्रिब्यूट आणि पत्ता यांसाठी तीन वेगळी फंक्शने आहेत ती यामुळेच.

स्क्रिप्टच्या टॅगमध्ये डेटा द्यायचा असेल तर नियम पुन्हा बदलतो. तिथे ब्राउझर एचटीएमएलचे एस्केप उलगडतच नाही, त्यामुळे नेहमीचे एस्केप केले तर डेटा बिघडतो, आणि नुसते जेसॉन, म्हणजे जावास्क्रिप्टला वाचता येणारे डेटाचे रूप, केले तर त्यातल्या एखाद्या स्ट्रिंगमध्ये स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग असेल तर तुमची स्क्रिप्ट मध्येच तुटू शकते. पीएचपीच्या जेसॉन एन्कोडरला लेस-दॅन आणि ग्रेटर-दॅन ही चिन्हे युनिकोडच्या रूपात लिहायला सांगता येते. तो पर्याय हेल्परच्या आत कायमचा लावून टाका. ‘ऑनक्लिक’सारख्या ॲट्रिब्यूटमध्ये डेटा घालायचा हेल्पर मात्र लिहूच नका. तिथे दोन भाषांचे नियम एकावर एक चढतात. डेटा ‘डेटा-’ने सुरू होणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टला तिथून वाचू द्या.

आणि एस्केप कधी? छापताना. डेटाबेसमध्ये लिहिताना नाही. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा असे झाले, की कंपनीच्या नावातल्या अँपरसँडच्या शेपटीला ‘एएमपी’ चिकटलेले दिसते. प्रत्येक सेव्हला ती शेपटी वाढत जाते.

मूळ टॅग बनवणारे एक फंक्शन तळाशी ठेवायला माझी हरकत नाही. वरचे हेल्पर त्यावर उभे राहतील, पानांमधून ते कुणी थेट बोलावणार नाही. पण मग त्याला एचटीएमएलच्या खोडी माहीत असायला हव्यात. इनपुट, इमेज, बीआर अशा तेरा टॅगांना बंद होणारा टॅग नसतो. उलट स्क्रिप्टचा टॅग रिकामा असला तरी बंद करावाच लागतो. ‘डिसेबल्ड’ला ‘फॉल्स’ अशी किंमत लिहिली तरी बटण बंदच राहते, कारण ते ॲट्रिब्यूट नुसते असण्यावर चालते. म्हणून फंक्शनला बूलियन, म्हणजे खरे-खोटे किंमत, खरे मिळाले तर नाव लिहायचे, खोटे मिळाले तर ते ॲट्रिब्यूटच गाळायचे. पण ‘एरिया-एक्स्पांडेड’ तसे नाही: तिथे ‘फॉल्स’ या शब्दालाच अर्थ आहे आणि तो छापावा लागतो. आणि रिकामी स्ट्रिंग म्हणजे ‘नाही’ असे कधीही समजू नका. चित्राचे ‘अल्ट’ रिकामे असणे म्हणजे चित्र केवळ शोभेचे आहे, स्क्रीन रीडरने ते सोडून द्यावे. ते ॲट्रिब्यूट गाळले तर काही स्क्रीन रीडर त्याऐवजी फाइलचे नाव वाचत बसतात. नल, म्हणजे किंमतच दिलेली नाही, तर गाळा; रिकामे म्हणजे रिकामे छापा.

माझी आवडती खोडी टेक्स्टएरियाची. उघडणाऱ्या टॅगनंतर लगेच नवी ओळ आली तर ब्राउझर ती पहिली नवी ओळ खाऊन टाकतो. वापरकर्त्याचा मजकूरच रिकाम्या ओळीने सुरू होत असेल तर फॉर्म उघडून सेव्ह करताना ती ओळ हळूच नाहीशी होते. उपाय म्हणजे हेल्परने टॅगनंतर स्वतःची एक जादा नवी ओळ घालायची, ती ब्राउझरला खाऊ द्यायची. हे कुणी हाताने करेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि बाहेर पडणारे एचटीएमएल सुंदर इंडेंट होऊन यावे या मोहात पडू नका: ओळीतल्या टॅगांमधली मोकळी जागा पानावर दिसते, आणि ‘प्री’ व टेक्स्टएरियामधला मजकूर तर सरळ बदलतो.

हेल्परने छापायचे की परत द्यायचे? परत द्यायचे. वर्डप्रेसमध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात: नावात ‘गेट’ असलेले फंक्शन शीर्षक परत देते, नुसते ‘द’ असलेले छापून मोकळे होते. छापणारे फंक्शन स्ट्रिंगच्या जोडणीत वापरले की त्याचा मजकूर भलत्याच जागी, बहुतेकदा आधीच, बाहेर पडतो. परत आलेली गोष्ट दुसऱ्यात घालता येते, तपासता येते, ईमेलमध्येही वापरता येते. हजारो ओळींचा अहवाल एका दमात स्ट्रिंगमध्ये जमवणे जड जाते हे मान्य, तिथे एकेक ओळ छापत जा. पण तो अपवाद आहे.

याच कारणाने ‘कार्ड_सुरू’ आणि ‘कार्ड_संपले’ अशी जोडफंक्शने मी टाळतो. मध्ये एखादी अट आली, कुणी लवकर रिटर्न केले, की दुसरे फंक्शन चालतच नाही. ब्राउझर तक्रार करत नाही, तो आपल्या समजुतीने डिव्ह मिटवतो आणि पानाचा तळ उजवीकडे का सरकला हे तुम्ही सीएसएसमध्ये शोधत बसता. आतला मजकूर पॅरामीटर म्हणून द्या. तो मोठा असेल तर क्लोजर, म्हणजे तो मजकूर बनवणारे निनावी फंक्शन, द्या.

आता तुमचे टेबल. नऊ पॅरामीटर एका दिवसात येत नाहीत. आधी ओळी आणि शीर्षके असतात. मग कुणाला पट्टे हवे असतात, कुणाला सॉर्टिंग, कुणाला शेवटच्या कॉलममध्ये बटण, कुणाला बेरीज. शेवटी बोलावण्याची ओळ ‘खरे, खोटे, नल, नल, खरे’ अशी दिसते आणि चौथ्या जागेवरचा नल कशाचा हे कुणालाच ठाऊक नसते. पीएचपी ८.० पासून पॅरामीटर नावाने देता येतात, त्याने वाचणे सुधारते. पण गुंतागुंत तेवढीच राहते. मी दोन प्रकारची पॅरामीटर वेगळी काढतो. काही फक्त ॲट्रिब्यूट बदलतात: क्लास, आयडी, ‘डेटा-’ची ॲट्रिब्यूट. ती सगळी एका ॲरेत जाऊ द्या, आणि बाहेरून आलेला क्लास हेल्परच्या क्लासला जोडा, त्याच्या जागी बसवू नका. दुसरी रचनाच बदलतात: बेरजेची ओळ हवी की नको, बटणांचा कॉलम हवा की नको. असा प्रत्येक ध्वज, म्हणजे हो-नाहीचा पॅरामीटर, हा फंक्शनच्या आतला एक फाटा, आणि चार ध्वज म्हणजे सोळा टेबले, ज्यातली तीन-चारच कुणी पाहिलेली असतात.

तिथे मी फंक्शन फोडतो. यादीचे टेबल वेगळे, अहवालाचे टेबल वेगळे. थोडा कोड दोनदा येतो, येऊ द्या. दोन साधी फंक्शने एका सर्वज्ञ फंक्शनपेक्षा बदलायला सोपी असतात. टेबलच्या हेल्परमध्ये नियम कोणता राहावा, तर कॅप्शन, शीर्षकाच्या पेशींना ‘स्कोप’, ओळी नसतील तेव्हाचा संदेश, आणि आकड्यांचे कॉलम उजवीकडे. कॉलमची व्याख्या बाहेरून येऊ द्या: शीर्षक, आणि ओळ दिल्यावर पेशीचा मजकूर देणारे छोटे फंक्शन. ते मार्कअपचे ऑब्जेक्ट देईल तर लिंक किंवा बटण, साधी स्ट्रिंग देईल तर एस्केप केलेला मजकूर. वर सांगितलेला प्रकारांचा फरक इथे आपोआप कामी येतो आणि ‘बटणांचा कॉलम’ हा पॅरामीटरच उरत नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: हेल्परने डेटाबेसकडे जाऊ नये. वापरकर्त्याचे नाव दाखवणारा हेल्पर आत क्वेरी मारत असेल तर एकट्याने तो निरागस दिसतो. शंभर ओळींच्या टेबलात तो शंभर क्वेरी करतो. लागणारा सगळा डेटा त्याला बाहेरून मिळाला पाहिजे.

हे सगळे परिस्थितीवर किती अवलंबून आहे? बरेच. अख्खे पान फंक्शनांतून बनवणे मुळातच वाईट असे मी म्हणणार नाही. एल्म या भाषेत तसेच लिहितात, क्लोजर नावाच्या भाषेतल्या (वरचे क्लोजर वेगळे) हिकप लायब्ररीत पान म्हणजे व्हेक्टरांची रचना असते, आणि रिॲक्टचे जेएसएक्स दिसायला एचटीएमएल असले तरी कंपाइल होऊन फंक्शनचीच हाक होते. पण तिथे फंक्शनमधून स्ट्रिंग निघत नाही, झाड निघते, म्हणजे टॅगांची एकात एक बसलेली रचना. मजकूर आणि टॅग यांतला फरक शेवटपर्यंत टिकतो आणि एल्ममध्ये तर कंपायलर चुका पकडतो. तुमच्या फाइलमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटते आहे. त्रास तोच घ्यायचा आणि फायदा मिळवायचा नाही, असा हा सौदा आहे.

दुसरी बाब म्हणजे एचटीएमएलला हात कोण लावतो. डिझाइन करणारी माणसे स्वतः मार्कअप बदलत असतील तर टेम्प्लेट, म्हणजे मध्ये डेटासाठी जागा सोडलेले सरळ एचटीएमएल, हवेच. त्यांना कंसांच्या जंगलात पाठवू नका. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटचा प्रवास याच दिशेने झाला: आधीचे हेल्पर सी-शार्पची फंक्शने होती, कोअर आवृत्तीत टॅग हेल्पर आले, जे लिहिताना साध्या टॅगसारखे दिसतात आणि सर्व्हरवर नियम लावतात. उलट मार्कअपचा आकारच डेटावरून ठरत असेल, म्हणजे सेटिंगमधून बनणारे फॉर्म किंवा अहवाल, तर कोड जास्त सोयीचा. ईमेलसाठी तर मी न विचारता हेल्पर वापरतो. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये २००७ पासून वर्डचे इंजिन पान दाखवते. तिथे साध्या बटणासाठीही टेबलात टेबल आणि प्रत्येक पेशीवर स्टाइल लागते. ते हाताने कुणीच दोनदा लिहू नये.

आणि तुम्हाला टेम्प्लेट इंजिन आणता येत असेल तर अर्धा वाद तिथेच संपतो. पीएचपीसाठीचे ट्विग हे इंजिन मूळ सेटिंगमध्येच एस्केप करते, ब्लेड या दुसऱ्या इंजिनाच्या दुहेरी महिरपी कंसांतही ते होते. मग साधे टॅग टेम्प्लेटमध्ये जातात, आणि नियमवाले हेल्पर तेवढे ट्विगची फंक्शने किंवा ब्लेडचे कंपोनंट म्हणून राहतात.

सुरुवात कुठून करायची? सगळे एकदम पुन्हा लिहायला घेऊ नका. पहिले काम तळाच्या टॅग फंक्शनमध्ये मार्कअपचा प्रकार आणणे. हे करताच काही पानांवर टॅग अक्षरशः छापलेले दिसू लागतील, कारण तिथे कुणीतरी मजकुराच्या जागी मार्कअपची स्ट्रिंग देत होते. लोक ओरडतील, पण हा बिघाड डोळ्यांना दिसतो. भोक दिसत नव्हते. त्यानंतर माहिती नसलेली फंक्शने, म्हणजे डिव्ह, परिच्छेद, शीर्षके, ज्या पानाला काही कारणाने हात लागेल त्या पानातून काढत जा. ज्या पानाला वर्षभर कुणी शिवले नाही, ते तसेच राहू द्या. फॉर्म, लिंक, पेजिनेशन यांचे हेल्पर ठेवा आणि नीट करा.

काम सुरू करण्याआधी महत्त्वाच्या पानांचे तयार एचटीएमएल साठवून घ्या, म्हणजे नंतर ताडून पाहता येईल. तुलना अक्षराला अक्षर लावून करू नका. ॲट्रिब्यूटचा क्रम बदलला तरी ती ओरडते आणि लोक मग ती बंद करून टाकतात. दोन्ही पार्स करून, म्हणजे प्रोग्रामकडून वाचून घेऊन, टॅगांची झाडे ताडा. पीएचपीचा जुना डॉम पार्सर एचटीएमएल ५ धड ओळखत नाही, पण ८.४ मध्ये, २०२४ च्या शेवटी, त्यासाठी नवा वर्ग आला आहे; तो मिळत असेल तर तोच वापरा. आणि तपासणीच्या डेटामध्ये एक असा वापरकर्ता कायमचा ठेवा ज्याच्या नावात दोन्ही कोट, अँपरसँड आणि लेस-दॅन आहे, आणि ज्याच्या ‘माझ्याबद्दल’ची सुरुवात रिकाम्या ओळीने होते. प्रत्येक पान त्याच्या नावाने एकदा उघडले की कोणता हेल्पर कच्चा आहे ते लगेच कळते.